पहिली वेलांटी

मार्गशीर्षात मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला वाईला गेले होते. साडेबाराचा मुहूर्त, अडीचपर्यंत पंगती उठल्या, आणि पुण्याकडे परतायची आमची गाडी निघणार होती साडेपाचला. कार्यालयात सतरंजीवर लवंडलेल्या मावश्यांच्या घोळक्यात बसून कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन कुठे झालं ते ऐकण्यापेक्षा बरं, म्हणून साडी सावरत बाहेर पडले आणि पाय आपोआप वाचनालयाकडे वळले. आपोआप वळले हे खोटं आहे. लिहिणाऱ्यांचा एक चोरटा धंदा असतो आणि मी तो बऱ्याच गावांत केलेला आहे. वाचनालयात शिरायचं, भलतंच काही शोधत असल्याचा आव आणायचा, आणि आपलं पुस्तक आहे का, असलंच तर मागच्या चिठ्ठीवर किती तारखा पडल्यात, ते हळूच बघून यायचं.

पुस्तक होतं. 'ललित' लिहिलेल्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, तांबड्या रेक्झिनच्या पाठीचं. वाचनालयाच्या बांधणीत सगळी पुस्तकं गणवेशातल्या पोरांसारखी दिसतात, त्यात आपलं पोर पटकन ओळखू येत नाही. डांबरगोळ्यांचा वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी पेंगणारे दोन आजोबा. मागची चिठ्ठी बघितली. अकरा तारखा, शेवटची दोन वर्षांपूर्वीची. अकरा म्हणजे अगदीच वाईट नाही, असं मनाशी म्हणत पानं पुढून चाळली. नावाचं पान, त्यावर जांभळा गोल शिक्का, मग प्रकाशकाचं पान, आणि मग ते पान, जे मी गेली आठ वर्षं उघडायचं टाळत आले होते. अर्पणपत्रिका.

'जिने ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं त्या मैत्रीणीस.'

त्यातल्या 'त्री'ची दुसरी वेलांटी हिरव्या शाईच्या बारीक उभ्या रेघेने खोडलेली होती. बाजूच्या समासात त्याच शाईने पहिली वेलांटी काढून तिच्यापुढे तिरपी काडी मारलेली होती. प्रुफात करतात तशी.

हिरव्या शाईने प्रुफं तपासणारी माझ्या ओळखीत एकच बाई आहे, आणि ती त्या वाचनालयापासून चालत सात मिनिटांवर राहते.

ज्यांना चूक दिसली नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, मलाही वेळेवर दिसली नव्हती. मैत्रीण म्हणताना 'त्री' दीर्घ, पण तिला प्रत्यय लागला की मैत्रिणीला, मैत्रिणीचा, मैत्रिणीस. ऱ्हस्व. हा नियम मला तिने कॉलेजच्या दिवसांत रसाच्या गाड्यासमोर शिकवला होता. गाड्यावर पाटी होती, 'ऊसाचा रस'. ती म्हणाली, "उसाचा पाहिजे. ऊस दीर्घ असतो गं, पण त्याचं काही तरी काढायला गेलं की ऱ्हस्व होतो. पिळल्यावर लहान होणारच." मग ग्लास संपेपर्यंत मूल-मुलाला, जीभ-जिभेला, तीळ-तिळाचा असं सगळं झालं. शेवटी म्हणाली, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र वाकत नाहीत, शरीर शरीरालाच राहतं. गरीब तेवढा गरिबाला होतो. यावर ती हसली नव्हती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ सालचे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चारांची भर, असे अठराच्या अठरा तिला गीतेच्या अध्यायांसारखे पाठ होते आणि त्यांवरची टीकाही तिची स्वतःची होती. "कवी एकटा असतो तेव्हा दीर्घ," हे तिचं आवडतं वाक्य, "कविसंमेलनात गेला की ऱ्हस्व."

ज्या गावात विश्वकोशाचं कार्यालय आहे त्या गावातल्या माणसांना ही खोड असायचीच, असं मी तिला चिडवायचे. पण ती तिथे नोकरीला वगैरे नव्हती. प्राथमिक शाळेत शिकवायची आणि उरलेल्या वेळात लोकांची प्रुफं वाचायची. स्मरणिका, लग्नपत्रिका, कुणाचे तरी स्वखर्चाने छापलेले कवितासंग्रह. लाल शाई वापरायची नाही. लाल दिसलं की मूल वाचायचं थांबतं, म्हणे. हिरवी शाई त्यातून आली, पोरांच्या वह्यांमधून प्रुफांत.

माझ्या पुस्तकातला प्रत्येक लेख आधी तिच्याकडे गेला. मी पुण्यात छापील कागद पाकिटात घालून स्वारगेटला एसटीच्या पार्सलात टाकायचे, ती वाईच्या स्थानकावर सोडवून घ्यायची आणि चार दिवसांनी तेच पाकीट उलटं यायचं. त्याला हळदीचा वास असायचा, कारण तिच्या टेबलाच्या खाली दर वर्षी हळदीचं पोतं असे. नुसत्या वेलांट्या नव्हे, ती वाक्यं काढायची. एका लेखाची सुरुवातीची दोन पानं तिने आडवी रेघ मारून उडवली आणि समासात लिहिलं, 'इथपर्यंत घसा साफ करणं चाललंय.' मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती दोन पानं फेकून दिली, आणि आजही लोक त्या लेखाची सुरुवात छान आहे असं सांगतात तेव्हा मी 'हो ना' म्हणते.

पण एक जागा आठवते जिथे तिने स्वतःचीच खूण मागे घेतली. माझ्या आजीचं एक पोस्टकार्ड मी लेखात उतरवलं होतं. आजी चौथीपर्यंत शिकलेली, तिने लिहिलं होतं, 'माझी प्रक्रुती बरी आहे, काळजी करू नये.' हिरव्या शाईने 'क्रु' खोडून 'कृ' केलेलं होतं, आणि मग विचार बदलून त्या अक्षराखाली तीन टिंबं देऊन बाजूला लिहिलेलं होतं, 'राहू दे.' फोनवर म्हणाली, "ती चूक आजीची आहे. तिच्याकडेच असू दे. प्रकृती केलं तर पत्र डॉक्टरचं वाटेल."

सगळं पुस्तक तिने असं तीनदा वाचलं. मुखपृष्ठावरचं माझं नावसुद्धा तपासलं. एकच पान तिला दाखवलं नव्हतं. तिच्या संचात पाचवं पान कोरं ठेवायला मी सांगितलं होतं, आणि त्या कोऱ्या पानाच्या मधोमध तिने एक छोटं हिरवं प्रश्नचिन्ह काढून पाठवलं होतं. मला तिला चकित करायचं होतं. मग व्हायचं तेच झालं. छपाईच्या आदल्या रात्री साडेदहाला अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाचा फोन आला, "मॅडम, अर्पणपत्रिकेचं काय करायचं?" मी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून अंगठ्याने ती ओळ टाइप करून पाठवली. त्याने ती आली तशी बसवली. त्याचा काही दोष नाही. अख्ख्या पुस्तकात तिच्या नजरेखालून न गेलेली ती एकच ओळ, आणि अख्ख्या पुस्तकात चूक ती तेवढीच.

प्रकाशनाच्या दिवशी अध्यक्षांनी अर्पणपत्रिका मोठ्याने वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. मराठी बोलताना वेलांटी ऐकू येत नाही ही केवढी सोय आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिने टेबलावरची एक प्रत विकत घेतली (मी देत होते तरी), उभ्याउभ्या पाचवं पान उघडलं, मिटलं, पुस्तक पिशवीत टाकलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मुखपृष्ठ झकास झालंय. मी निघते, साडेसातची गाडी आहे." बस. त्या रात्री अंथरुणात पडून मी ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदा नीट वाचलं आणि कान गरम होईपर्यंत जागी राहिले. तिने बघितलं असेल का? जिला चालत्या रिक्षाच्या मागची वेलांटी दिसते तिने? पण ती बोलली नाही, मीही बोलले नाही. आठ वर्षं.

तेव्हापासून दुसऱ्यांच्या अर्पणपत्रिका वाचायचा नाद लागला. दुखऱ्या दाताकडे जीभ जात राहते तसा. मराठी पुस्तकांत बहुतेकदा आईवडील भेटतात, गुरुजी भेटतात, 'सौ.स' भेटते, मित्रांची पाळी तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाला येते, घरचे सगळे संपल्यावर. आणि मनोगताच्या शेवटी ते ठरलेलं वाक्य, 'त्यांचे आभार न मानता मी त्यांच्या ऋणातच राहणे पसंत करीन.' वाण्याकडे असं म्हणून बघावं. गंमत सोडा, पण आपल्याकडे मित्राला धन्यवाद म्हणणं अवघडच आहे. 'आभार मानून परकं करू नकोस' असं समोरून लगेच येतं. तोंडाने म्हणता येत नाही म्हणूनच बहुधा छापून मोकळं व्हायचं.

टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'ची गोष्ट मला जवळची वाटली, कारण तिच्यात हिरव्या शाईवाला मित्र आहे. एझरा पाउंडने त्या कवितेचं बाड घेतलं आणि जवळजवळ निम्मी कविता काढून टाकली. पानंच्या पानं, अख्खे प्रसंग. १९२२ साली कविता पुस्तकरूपाने आली तेव्हा तिच्यावर पाउंडचं नाव कुठेच नव्हतं. पुढे एलियटने पाउंडला दिलेल्या प्रतीवर हाताने त्याचं नाव लिहिलं आणि त्याखाली डांटेच्या काव्यातले तीन इटालियन शब्द, ज्यांचा अर्थ 'अधिक चांगला कारागीर'. छापात ही ओळ आली ती १९२५च्या संग्रहात. म्हणजे आधी पेनाने, एका माणसापुरती. मग छापखान्याच्या खिळ्यांनी, सगळ्यांसाठी. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. आधी ज्याची त्याला दाखवून घ्यावी. आणि 'मित्र' म्हटलेलं नाही, 'कारागीर' म्हटलंय, हेही चांगलं. ते बाड एलियटने न्यूयॉर्कच्या एका वकिलाला, जॉन क्विनला, देऊन टाकलं होतं आणि नंतर कित्येक वर्षं ते गहाळच समजलं जात होतं. १९७१ साली ते काट्याखुणांसकट छापून आलं तेव्हा एलियटला जाऊन सहा वर्षं झाली होती. पाउंड होता. शहाऐंशीच्या घरात येऊन पोचलेल्या त्या माणसाने छत्तीस वर्षांच्या हाताने मारलेल्या त्या रेघा छापील पानावर बघितल्या असतील तर त्याला काय वाटलं असेल, याचा मी उगाच विचार करत बसते.

खरं तर कारागिराचं नाव घ्यायची रीत आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीला येणारी ती ओवी सगळ्यांना पाठ असते. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥' लहानपणी मी ही ओवी तारखेसाठी पाठ केली होती. आता तिच्यातलं व्याकरण दिसतं. टीका 'ज्ञानेश्वरें' केली, तिथे तृतीया. पण सच्चिदानंदबाबा तिथे प्रथमेत उभे आहेत. त्यांना काही दिलेलं नाही, त्यांच्यावर काही वाहिलेलं नाही. ते लेखक झाले. बसून लिहून घेणाऱ्या माणसाला कर्त्याची जागा मिळाली आहे, आणि नऊ हजार ओव्या सांगणारा बाजूला प्रत्यय लावून उभा आहे. मी असं काही लिहिलं असतं तर वेलांटीचा प्रश्नच आला नसता. मैत्रीण दीर्घ राहिली असती.

अर्पणपत्रिकेची विभक्ती चतुर्थी. देण्याची. आणि देताना घेणाऱ्याचं सामान्यरूप होतं, हे व्याकरणातच लिहून ठेवलंय.

ट्रुमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' काढून बघा. १९५९ साली कॅन्सस राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या हत्येवर लिहायला तो निघाला तेव्हा बालपणीची शेजारीण हार्पर ली त्याच्याबरोबर गेली. त्या गावातल्या लोकांना कपोटीचा चिरका आवाज आणि त्याची तऱ्हा झेपेना. तिच्याशी मात्र बायका स्वयंपाकघरात बसवून बोलल्या. तिने पानांमागून पानं टिपणं काढून, टाइप करून त्याला दिली. तिच्या स्वतःच्या कादंबरीत तर तिने लहानपणच्या ट्रुमनला डिल नावाने कायमचं जिवंत ठेवलं होतं. १९६६ साली त्याचं पुस्तक आलं. अर्पण: जॅक डन्फीस आणि हार्पर लीस, प्रेम आणि कृतज्ञतापूर्वक. झालं. एक ओळ, तीही त्याचा जोडीदार डन्फी आणि ती अशी दोघांत वाटलेली. सहकारी म्हणून तिचं नाव कुठे नाही. तिला हे लागलं, असं तिच्या चरित्रकारांनी लिहिलंय. मला त्या ओळीत वाईट काही दिसत नाही, शब्द तर चांगलेच आहेत. पण कृतज्ञता म्हणणं हा कधीकधी हिशोब मिटवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग असतो, आणि हे म्हणताना माझं बोट माझ्याकडेच आहे. दोन पानं उडवून माझा लेख जिने उभा केला तिला मी 'ऱ्हस्व-दीर्घ शिकवणारी' म्हटलं होतं. वेलांटी बरोबर असती तरी ओळ चुकलेलीच होती.

सगळ्यांनाच अशी ओळ वाचायला मिळते असंही नाही. डॉ. आंबेडकरांचं पाकिस्तानवरचं पुस्तक १९४० साली आलं. ते रमाबाईंच्या स्मृतीस आहे, 'रामू' असं घरातलं नाव घालून, आणि त्यात आपल्या वाट्याला आलेल्या मित्रहीन, ओढगस्तीच्या दिवसांत तिने शांतपणे आपल्याबरोबर सोसल्याचा उल्लेख आहे. राजकारणाच्या एवढ्या जड पुस्तकाच्या दारात तो 'मित्रहीन' शब्द भेटला की पुढचं पान लगेच उलटवत नाही. रमाबाई १९३५ सालीच गेल्या होत्या. आणि सेंत-एक्झुपेरीने 'द लिटल प्रिन्स' ज्याला अर्पण केलं तो त्याचा मित्र लेऑं वेर्त. पुस्तक १९४३ साली अमेरिकेत निघालं, वेर्त तेव्हा फ्रान्समध्ये जुराच्या डोंगराळ मुलखात, ज्यू म्हणून लपून राहिलेला. सेंत-एक्झुपेरी ३१ जुलै १९४४ला विमानासकट नाहीसा झाला, आणि आपल्याला अर्पण केलेलं ते पुस्तक वेर्तच्या हातात पडलं ते त्यानंतर. त्या अर्पणपत्रिकेत लेखक आधी मुलांची माफी मागतो, एका मोठ्या माणसाला पुस्तक अर्पण केलं म्हणून. तो माणूस तिकडे उपाशी आहे, गारठलेला आहे, अशी कारणं देतो. तरी समाधान होत नाही तेव्हा म्हणतो, बरं, मी माझी अर्पणपत्रिका दुरुस्त करतो: लेऑं वेर्तला, तो लहान मुलगा होता तेव्हाच्या. आपली चूक आणि तिची दुरुस्ती त्याच पानावर ठेवणारा माझ्या माहितीतला हा एकटाच लेखक.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो फॉर्स्टरचा मसूद.

सर सय्यद अहमद खानांचा नातू सय्यद रॉस मसूद ऑक्सफर्डला जायच्या तयारीत होता, आणि १९०६ साली त्याला लॅटिन शिकवायला ठेवलेला मास्तर म्हणजे ई. एम. फॉर्स्टर. म्हणजे मैत्रीची सुरुवातच विभक्तींपासून. धड्याचा कंटाळा आला की हा आडदांड विद्यार्थी मास्तरला उचलून गुदगुल्या करायचा. फॉर्स्टर मसूदवर प्रेम करायला लागला, ज्या अर्थाने मसूदला ते परत करता येणारं नव्हतं त्या अर्थाने, आणि एकदा त्याने धीर करून ते सांगितलंही. मसूदचं उत्तर एवढंच होतं, 'ठाऊक आहे.' मैत्री पुढे चालू राहिली. फॉर्स्टर इंग्रजांच्या स्वभावावर लिहिताना एका हिंदी मित्राचा किस्सा सांगतो. नाव देत नाही, पण तो मसूदच. दोघं आठवडाभर फिरायला गेले. निरोप घेताना मित्र अगदी खचून गेला, तर फॉर्स्टरला वाटलं, एवढं काय, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा भेटणारच आहोत, आणि त्याने मित्राला सावरायला सांगितलं. पुढे भेटल्यावर त्याने मित्राला सुनावलं की तुझं दुःख प्रसंगाच्या मानाने फार होतं. मित्र उसळला. भावना म्हणजे काय बटाटे आहेत, अमुक इतके तोलून घालायला?

१९२४ साली 'अ पॅसेज टू इंडिया' आली तेव्हा फॉर्स्टरने लिहिलं: सय्यद रॉस मसूदला, आणि आमच्या मैत्रीच्या सतरा वर्षांना. आधी बटाट्यांवरून बोलणी खाल्लेल्या माणसाने शेवटी वर्षं मोजलीच. पण किती छान मोजली. माणसाला दिलं आणि शिवाय वर्षांनाही दिलं, म्हणजे एकटा माणूस प्रत्ययाखाली वाकायला नको.

ह्या पुस्तकाशी आपलं थोडं नातं आहे. अर्धवट पडलेलं हस्तलिखित घेऊन फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून येऊन राहिला. तिथे बघितलेली गोकुळाष्टमी कादंबरीच्या शेवटच्या भागात आली आहे. प्रोफेसर गोडबोले घामाघूम होऊन भजनात नाचताहेत, 'तुकाराम, तुकाराम' म्हणून गाताहेत, आणि राजवाड्यात सगळीकडे पाट्या लटकवल्या आहेत. त्यांतली एक, देव सगळ्यांचा आहे हे कळावं म्हणून, मुद्दाम इंग्रजीत रंगवलेली: देव म्हणजे प्रेम. फक्त रंगवणाऱ्याच्या हातून मधल्या शब्दाची दोन अक्षरं उलटी पडली आहेत. मराठीत करायचं तर 'देव प्रेम आहे'चं 'देव प्रेम हेआ' झालंय. हे मी तिला फोनवर वाचून दाखवलं होतं, अर्पणपत्रिकेचा विषय शिताफीने टाळून. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "बिचारा प्रुफवाला. ह्या एका ओळीपाशी त्याचा हात किती शिवशिवला असेल."

वाचनालयातल्या त्या कपाटासमोर मला हे सगळं आठवलं असं नाही. तिथे मला आठवलं ते एवढंच, की वाचनालयाच्या दारावर पाटी आहे, 'पुस्तकांत खाणाखुणा करू नयेत,' आणि त्या पाटीवरचा 'त'वरचा अनुस्वार तिनेच पूर्वी ग्रंथपालांच्या मागे लागून घालून घेतला होता. म्हणजे नियम मोडताना तिने एकदा इकडेतिकडे बघून घेतलं असणार. कधी केलं असेल? पुस्तक घरी नेऊन की इथेच उभं राहून? चिठ्ठीवरच्या अकरा तारखांतली एखादी तिची असेल? अकरापैकी एक वजा झाला तर दहा उरतात, हाही विचार माझ्या मनात आला, लेखकाची जात. मी पुस्तक परत फळीवर सरकवलं आणि सात मिनिटं चालत गेले.

"अगंबाई, ही नवरी कुठून आली," तिने दार उघडून म्हटलं. टेबलावर कुठल्याशा मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं पसरलेली, त्यावर उघडं हिरवं पेन, चष्म्याचं घर. खोलीत तोच हळदीचा वास. लग्नात काय जेवण होतं, मसालेभातात तोंडली होती की वांगी, नवरामुलगा काय करतो, हे सगळं झालं. तिच्या केसांत आता काळा फारसा उरलेला नाही. मी वाट बघत होते, कशाची ते ठाऊक नाही.

"वाचनालयात गेले होते मगाशी," मी म्हटलं.

"अजून तो पंखा कुरकुरतो का गं?"

"कुरकुरतो."

"सांगितलं होतं मी त्यांना तेल घाला म्हणून," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

तिच्या पुस्तकांचं कपाट काचेचं आहे. शब्दकोश, शाळेतली जुनी पाठ्यपुस्तकं, कवितासंग्रहांच्या भेट आलेल्या प्रती. माझं पुस्तक शुद्धलेखनाच्या दोन पुस्तकांच्या मधे होतं. प्रकाशनाच्या दिवशी पैसे देऊन घेतलेली ती प्रत, रेक्झिन नसलेली, मुखपृष्ठाचे कोपरे मऊ झालेले. आतून पातेलं ठेवल्याचा आवाज आला तेव्हा मी काच सरकवली आणि पाचवं पान उघडलं.

हिरवी उभी रेघ इथेही होती, दुसऱ्या वेलांटीवर. समासात पहिली वेलांटीही काढलेली होती, पण ती मग आडव्या रेघेने खोडली होती. 'त्री'च्या खाली तीन टिंबं होती आणि शेजारी, पोरांच्या वहीत लिहावं तशा गोल अक्षरात, 'राहू दे.'

शाई जुनी होती, कडांना पिवळसर पडलेली. आत आलं ठेचणं चाललं होतं. मी पुस्तक होतं तिथे ठेवलं आणि काच लावून घेतली.